पांढऱ्या गाडीचे कोटिंग आणि राणीची धूळ

मये, डिचोली
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस, २०१२

तीर्थरूप गोकुळदासभावोजी आणि शांताबाय,

दोघांनाही वाकून नमस्कार. (कागदावरच वाकतो आहे. प्रत्यक्ष वाकलो तर पुन्हा सरळ करायला ते येणार नाहीत, असे आमच्या डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे.) इकडे सगळे खुशाल. म्हणजे कमलाक्षी खुशाल आहे, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे मीही आहे. भावोजी, तुमचा गुडघा कसा आहे? फोनवर तुम्ही "बरा, बरा" असे दोनदा म्हणालात, त्यामुळे मला जरा काळजी वाटते. खरोखर बरा असलेला माणूस एकदाच बरा म्हणतो. शांताबायने साखर सोडली असेही कळले. सोडताना कोणी पाहिले आहे का?

माझा स्वभाव संशयी आहे असे कमलाक्षी लग्न झाल्यापासून म्हणते. (असे ती का म्हणते, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे.) पण तुम्ही जाणता, मी सारा जन्म वजन-मापे खात्यात काढला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवलेली मी पाहिली आहे. लोहचुंबक पाहिले आहे. एका मासळीवालीचे तर वजनच लाकडाचे होते, वरून काळा रंग दिलेला. इतके पाहिल्यावर माणसाने भोळे राहावे ही अपेक्षा चुकीची आहे. हे सर्व एवढ्यासाठी लिहितो की पुढे जे सांगणार आहे त्यात मी जागोजागी सावध होतो, आणि तरीही जे झाले ते झाले.

आमच्याकडे गुढीपाडव्याला गाडी आली हे तुम्हाला ठाऊक आहेच. साईशने पुण्याहून परस्पर ठरवली. मला विचारले असते तर मी नको म्हटले असते, म्हणूनच त्याने विचारले नाही. रंग पांढरा. हा रंग त्याने पुण्यात बसून निवडला. आमच्या दारासमोरून खाणीचे ट्रक जातात, हे ज्या मुलाचे शाळेचे सदरे बारा महिने गेरूच्या रंगाचे असत त्याला आठवू नये, याचे मला नवल वाटते. पाडव्याला सकाळी गाडीची पूजा झाली, हार घातला. संध्याकाळपर्यंत गाडी, हार आणि मी, तिघेही पिकलेल्या काजूच्या बोंडासारखे दिसू लागलो.

त्या आठवड्यात म्हापशाला गेलो तेव्हा बस स्टँडच्या मागच्या बाजूला एक दुकान दिसले. गाड्या धुणे, पॉलिश, कोटिंग. मालक महेश म्हणून, गडहिंग्लजकडचा. हसरा माणूस. (दुकानदार हसला की मी आधी त्याचा काटा बघत असे, इथे काटाच नव्हता, त्यामुळे नेमके कुठे बघावे ते कळेना.) त्याने एका काळ्या गाडीच्या बॉनेटवर बाटलीतले पाणी ओतले. अळवाच्या पानावरून घरंगळावे तसे ते मोत्यांसारखे घरंगळून गेले, मागे टिपूससुद्धा नाही. "काका, एकदा कोटिंग मारलं की रंगाला कोण हात लावतंय? ऊन नाही, पाऊस नाही, धूळ नाही, पाखरांची घाण नाही. बिनघोर ऱ्हावा." मी विचारले, "बाटलीत काय आहे?" तो म्हणाला, "पाणी." मी म्हटले, "कुठले?" तेव्हा तो पहिल्यांदा हसायचा थांबला.

पुढच्या शुक्रवारी मी आमच्या विहिरीचे पाणी घेऊन गेलो. तेही तसेच घरंगळले. आता संशय पाण्यावरून गाडीवर गेला. ती काळी गाडी त्याच्याच मेव्हण्याची निघाली. म्हणून मी त्याला सांगितले, माझ्या गाडीच्या अर्ध्याच बॉनेटला मार, नमुना म्हणून. काय फरक पडतो तो मी घरी बघतो. त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत असे कोणी मागितले नव्हते म्हणाला. पण मारले, आणि फुकट मारले. (फुकट का, याचा विचार मी घरी येईपर्यंत करत होतो. डिचोलीला एका वळणावर गाडी थोडी कडेला गेली ती त्यामुळेच. कमलाक्षी तुम्हाला वेगळे कारण सांगेल.)

अर्धे बॉनेट कोटिंगवाले, अर्धे साधे, आणि मधोमध मी चिकटपट्टीची सीमा आखलेली. गावात याची फार चर्चा झाली. सखारामच्या हॉटेलात लोक भाजीपाव खाता खाता विचारत, "इन्स्पेक्टरबाब, आज कोणती बाजू जिंकली?" मी लक्ष दिले नाही. दोन्ही बाजू सारख्याच लाल होत होत्या. मी महेशला फोन केला. तो म्हणाला, "काका, धूळ बसणारच की, ती काय पत्ता विचारून येती व्हय? धुतल्यावर बघा." म्हणून मी धुण्याची परीक्षा ठरवली. दोन्ही बाजूंना सारखे पाणी, सारखे फडके, सारखा हात. हात कमलाक्षीचा. कोटिंगची बाजू चटकन पांढरी झाली, दुसरी घासून घासूनही तांबूस राहिली. मी तिला सहज विचारले की साध्या बाजूला जोर थोडा कमी तर लावला नाहीस ना? तिने फडके बादलीत टाकले आणि म्हणाली, "इतकीं वर्सां हांव ह्या धुळींत कपडे सुकत घालतां, तेन्ना खंयचें कोटिंग विचारूंक ना तुमी."

तिच्या कपड्यांवरच्या धुळीचा मी कधी विचार केला नव्हता, हे खरे. हे तुम्हाला लिहितो, तिला सांगू नका.

आता विठ्ठलाचे सांगितले पाहिजे. आमचा दगडी गडग्यापलीकडचा शेजारी विठ्ठल तुम्ही साईशच्या मुंजीत पाहिला आहे. जेवणावळीला पाणी वाढायला होता तो उंच, मोठ्या आवाजाचा. त्याचे खाणीवर दोन ट्रक. मुलींची नावे पूनम आणि राणी, तीच ट्रकांची. मोठ्या तांबड्या अक्षरांत कपाळावर लिहिलेली. पूनम सरळ जाई, पण राणीचे मागचे फळकूट नीट बसत नसे, त्यातून लाल भुकटी सांडत जाई. मे महिन्यातल्या एका दिवशी मी नुकतीच गाडी धुऊन पुसून ठेवली होती आणि राणी भरून आली. वरची ताडपत्री अर्धवट उडालेली. एका क्षणात बॉनेटच्या दोन्ही बाजू, सीमेसकट, नाहीशा झाल्या. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो, हात वर केला आणि ट्रक थांबवला. (नोकरीतली सवय. गणवेश नाही, लुंगी होती, हे नंतर लक्षात आले.) विठ्ठल स्वतःच चालवत होता. मी ताडपत्री, फळकूट, सार्वजनिक रस्ता, नियम, सर्व काढले. मागे ट्रकांची रांग लागली. तो काचेतून वाकून म्हणाला, "इन्स्पेक्टरबाब, ही धूळ म्हजी न्हय, ती दोंगराची. दोंगराक सांगात."

लोक हसले. मी रागाच्या भरात म्हणालो, "हे तुझे ट्रक एकदा कायमचे बंद पडले, म्हणजे तुला कळेल."

त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद. चवथीला त्यांच्या घरून खोबऱ्याच्या नेवऱ्या आल्या, आमच्या घरून मोदक गेले, ते बायकांनी गडग्यावरून आपापसांत केले. विठ्ठलाने आमच्या गणपतीवर टांगलेल्या माटोळीकडे पाहिले नाही आणि मी त्याच्या. नेवऱ्या मात्र मी खाल्ल्या. खोबरे जरा जुने वाटले.

पण चवथीच्या आधी एक गोष्ट घडली, तीच या सर्वाचे मूळ. पावसात खाणी दरवर्षी बंद असतात, ट्रक उभे असतात, पाऊस संपला की पुन्हा धूळ. म्हटले, हंगाम सुरू होण्याआधी काय ते ठरवून टाकावे. मी म्हापशात दुसऱ्या एका दुकानात गेलो, नुसता भाव काढायला. तिथल्या माणसाने सरळ सांगितले, "कशाला पैसे घालवता? साधे मेण लावा, आठवड्याला धुवा, पुरे." असे म्हणणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. मी विचारात पडलो. हा मनुष्य गिऱ्हाईक परत पाठवतो, म्हणजे याच्या मनात काहीतरी आहे. मी कोटिंग करू नये यात याचा काय फायदा? फायदा सापडेना, आणि जिथे फायदा सापडत नाही तिथे तो फार खोल लपवलेला असतो हा माझा अनुभव. तेव्हा त्याला काय हवे आहे ते होऊ द्यायचे नाही असे ठरवून मी तडक महेशकडे गेलो आणि संपूर्ण गाडीला कोटिंग करून टाकले. आज लिहिताना यात काहीतरी चुकल्यासारखे वाटते, पण त्या दिवशी हिशेब अगदी स्वच्छ होता. (किंमत लिहीत नाही. साईशला सांगितलेली किंमत वेगळी आहे, आणि कमलाक्षीला सांगितलेली त्याहून वेगळी.)

पैसे देण्याआधी मी गॅरंटीचे कार्ड पुढून-मागून वाचले. मागे बारीक अक्षरांत अटी होत्या, त्यांत एक अशी की खनिज धुळीने रंग खराब झाल्यास दुकान जबाबदार नाही. मी महेशला म्हटले, मग मी हे कशासाठी करतो आहे, म्हापशाच्या गुलालासाठी? त्याने हसत हसत ती अट पेनने खोडली, वर लिहिले "खनिज धुळीसकट", सही केली, शिक्का मारला. मी विजयी होऊन घरी आलो.

आणि भावोजी, नंतर काय झाले ते तुम्ही पेपरात वाचलेच आहे. सरकारने खाणी बंद केल्या, मग दिल्लीच्या कोर्टानेही केल्या. पाऊस गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. एक ट्रक हलला नाही. माझ्या गाडीला खनिज धुळीची पाच वर्षांची गॅरंटी आहे आणि खनिज धूळ नाही.

पहिला विचार मनात आला तो हाच, की महेशला हे आधी ठाऊक होते. नाहीतर कोणी इतक्या आनंदाने अट खोडतो? कोर्टाची बातमी आली त्याच दिवशी मी म्हापशाला गेलो. दुकान उघडे होते, पण आत गाडी एकही नव्हती. तो स्टुलावर बसून कंप्रेसरची नळी गुंडाळत होता. मी विचारले, "खरे सांग, तुला कुठून कळले?" त्याने मान वर केली. "काका, माझं निम्मं गिऱ्हाईक डिचोली-साखळीचं. खाणीवरच्या लोकांच्या गाड्या. मला ठाऊक असतं तर भाड्याचं हे दुकान मी श्रावणात पुन्हा घेतलं असतं व्हय?" मग मला चहा पाजला. चहाचे पैसे मी देऊ केले, त्याने घेतले नाहीत. मी आता तेवढ्यावरून संशय घेतला नाही याची नोंद घ्यावी.

गाडी मात्र आता अशी चमकते की तीत बघून दाढी करावी. आणि मला ती बाहेर काढायची लाज वाटते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, शेतांत, देवळाच्या मागे, जिथे जागा मिळेल तिथे ट्रक उभे आहेत. चाकांतून गवत वर आले आहे. सखारामचे हॉटेल दुपारी बंद होते. पूर्वी लोक बॉनेटवरून थट्टा करत, आता मी गेलो की गाडीकडे बघतात आणि मग दुसरीकडे बघतात. कमलाक्षी दोरीवर पांढरी चादर घालते, ती संध्याकाळी पांढरीच परत येते. ती एकदा चादरीची घडी घालताना म्हणाली, "बरें दिसता, आनी बरें दिसना." मी तिला म्हटले, धड काय ते सांग. ती म्हणाली, धड तेच.

विठ्ठलाची पूनम दसऱ्यानंतर गेली. कर्नाटकातले कोणी घेऊन गेले. राणी अंगणात राहिली. मी दारापुढच्या बाल्कांवात बसून पेपर वाचतो तिथून ती दिसते. विठ्ठल रोज सकाळी तिला धुवायचा. काम नसताना माणूस ट्रक का धुतो, हा प्रश्न मला पडला. (तुम्हालाही पडला असता.) गेल्या आठवड्यात पाहतो तर तो पुढे स्टुलावर चढून कपाळाच्या पत्र्यावर काहीतरी घासतो आहे. मी चष्मा बदलून पाहिले. त्याच्या हातात पॉलिश पेपर होता आणि तो नाव खरवडत होता. "रा" गेला होता. "णी" शिल्लक होती.

तेवढ्यात एक जीप आली. दोन माणसे उतरली, त्यांनी राणीभोवती फेरी मारली, टायरना लाथा घातल्या, एकाने खाली वाकून चासीवर नखाने खरडले. मला आवाज स्पष्ट येत होता. ते भंगारवाले होते. ट्रक कापून वजनावर घेणार म्हणत होते.

वजनावर! भावोजी, मी पेपर खाली ठेवला एवढेच मला आठवते. कमलाक्षी म्हणते मी गडग्यावरून उडी मारली. या कंबरेने ते शक्य नाही, मी फाटकातूनच गेलो असणार. मी त्या माणसांना विचारले, "वजन कुठल्या काट्यावर?" ते म्हणाले, आमच्या स्वतःच्या. मी म्हटले, त्यावर खात्याचा शिक्का कोणत्या सालचा? पडताळणीचा दाखला कुठे? वजन करताना मालक हजर राहणार की नाही? टायर, ताडपत्री, टाकीतले डिझेल वजनात की वेगळे? मी निवृत्त आहे हे मी सांगितले नाही, त्यांनी विचारले नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, मग जीपकडे पाहिले, आणि जीप आली तशी निघून गेली.

मी विठ्ठलाकडे वळलो. खोटे कशाला बोलू, मला वाटले तो निदान आभाराचे "देव बरें करूं" म्हणेल. तो स्टुलावरून खाली उतरला. इतक्या महिन्यांत प्रथमच माझ्याशी बोलला, आणि हळू बोलला. त्याचा आवाज एवढा बारीक होऊ शकतो हे मला माहीत नव्हते.

"म्हयनोभर सोदून एक गिराईक मेळिल्लें. तें तुमी धांवडायलें. आतां राणीक कोण घेतलो? तुमी?"

आणि तो राणीच्या पायरीवर बसला. पॉलिश पेपरची लाल भुकटी त्याच्या केसांत, भुवयांत पडली होती. मे महिन्यात मी जे रस्त्यावर बोललो होतो ते त्याला आठवत असेल का, असा विचार माझ्या मनात आला. त्याने ते काढले नाही. काढले असते तर बरे झाले असते. भांडणात मला उत्तर सुचते. मग काय करावे हे न कळून मी खिशातला रुमाल काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला, तोंड पुसले, आणि घडी घालून आपल्याच खिशात ठेवला. रुमाल अजून परत आलेला नाही. त्याविषयी मला काही म्हणायचे नाही.

बाकी विशेष नाही. कोटिंग करावे की करू नये असे तुम्ही दिवाळीत विचारले होते, म्हणून इतके सविस्तर लिहिले. पेडण्यात तुमच्याकडे धूळ चिऱ्यांची आहे, तिचा गुण वेगळा असू शकेल. माझे मत असे की पाणी विहिरीचे न्यावे, अटी वाचाव्यात आणि मग मन होईल ते करावे. शांताबायला नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कमलाक्षी शेजारी बसून सुपारी कातरते आहे आणि माझ्या खांद्यावरून वाचत नाही असे दाखवते आहे.

आपला,
मधुकर

ता. क. : लिहायचे राहिले. तुमच्या चिरेखाणीवर आणि खडीच्या क्रशरवर ट्रक लागतात असे तुम्ही एकदा म्हणाला होता. विठ्ठलाच्या राणीला काही भाडी देता आली तर पाहावे. माणूस उद्धट आहे, आवाज मोठा आहे, पण दारू पीत नाही आणि वेळेला येतो. मागचे फळकूट मी स्वतः म्हापशाहून कारागीर आणून दुरुस्त करून घेतले आहे, त्याला सांगितले की पंचायतीची योजना आहे. भंगारवाले पुन्हा यायच्या आत कळवलेत तर उपकार होतील. ते दुसऱ्यांदा माझ्या प्रश्नांना भिणार नाहीत, त्यांनी आतापर्यंत चौकशी केली असेल.

ता. क. दुसरा : मी सांगितले असे त्याला मुळीच कळू देऊ नये. तुम्हाला बाजारात कोणाकडून तरी कळले असे म्हणावे. तो फार संशयी माणूस आहे.

ता. क. तिसरा : कमलाक्षीने एवढ्यात सांगितले की तिने शांताबायला परवाच फोन केला, आणि भावोजी, तुम्ही हो म्हणून मोकळेही झालात, आणि विठ्ठल उद्या सकाळी राणी घेऊन पेडण्याला निघतो आहे. मला कोणी सांगितले नाही. असो. तेव्हा आता पोस्टाचे तिकीट वाया कशाला घालवा, हे पत्र त्याच्याच हाती देतो आहे. पाकीट डिंकाने चिकटवून जोडावर माझी आडवी सही केली आहे. ती मोडलेली असली तर त्याने वाचले असे समजावे आणि मला लगेच कळवावे. मोडलेली नसली तर जेवणे झाल्यावर, त्याला जरा विसावा मिळाला की, तुम्हीच त्याला वाचून दाखवा.